लोणेरे फाटा, उतरणारे पुढे या!

महाराष्ट्रातल्या विद्यापीठाला मनोरा असावा लागतो, अशी आपली एक समजूत आहे. मुंबई विद्यापीठाकडे राजाबाई टॉवर आहे. पुण्याच्या विद्यापीठाकडे गणेशखिंडीतला गव्हर्नरसाहेबांचा बंगला आणि त्यावरचा मनोरा आहे. रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत जे सरकारी तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्याच्याकडे फाटा आहे.

यात कमीपणा काही नाही. मनोरा माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापायला बरा, पण त्याच्याकडे पाहून पोट भरत नाही. फाट्यावर वडापाव मिळतो, झेरॉक्स निघते, चार्जरची वायर मिळते आणि मुंबईहून रात्री निघालेली एसटी तुम्हाला पहाटेच्या अंधारात नेमकी तिथेच उतरवून निघून जाते. 'आपण कोण, कुठून आलो आणि इथे कशासाठी' हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी पडतो. लोणेऱ्याला बी.टेक.साठी आलेल्या पोराला तो पहिल्याच दिवशी पहाटे साडेचारला, हातात गादीची वळकटी असताना पडतो.

कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याच्या डोक्यात या महामार्गाचा एक पक्का नकाशा असतो. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्ती, वडखळ म्हणजे ट्रॅफिक, नागोठणे म्हणजे धुराडी, कोलाड म्हणजे राफ्टिंगला आलेली पोरं, माणगाव म्हणजे पुन्हा ट्रॅफिक, महाड म्हणजे चहा आणि 'आता कशेडी घाट, उलटीच्या गोळ्या काढा'. लोणेरे येतं माणगाव आणि महाडच्या मधे. माणगावच्या कोंडीतून सुटलेल्या माणसाचा डोळा नेमका त्याच वेळी लागतो. तीस-तीस वर्षं न चुकता गणपतीला गावी जाणारी माणसं आहेत, पण या विद्यापीठाची पाटी त्यांनी जागेपणी पाहिलेली नाही. चुकून दिसलीच तर 'इथे? विद्यापीठ?' एवढं पुटपुटून ती कूस बदलतात.

पाटीवरचं नाव मात्र भरघोस आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. १९८९ साली विधिमंडळाने खास कायदा करून ते स्थापन केलं. बाबासाहेबांची जन्मशताब्दी तोंडावर आली होती. एवढं नाव दर वेळी पूर्ण घ्यायचं तर पहिला तास बुडेल, म्हणून पोरांनी इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याचं 'बाटू' केलं. 'बाटूला आहे' म्हटल्यावर ज्याला कळतं तो इंजिनिअर आणि ज्याला कळत नाही तो नातेवाईक, अशी सरळ विभागणी आहे.

देशात बाबासाहेबांच्या नावाची विद्यापीठं पुष्कळ आहेत. एक छत्रपती संभाजीनगरला, एक लखनौला, एक आग्र्याला, एक दिल्लीत, मुक्त विद्यापीठं हैदराबादला आणि अहमदाबादला, शिवाय जालंधरला त्यांच्या नावाची एनआयटी. त्यामुळे आपलं कुठलं, हे सांगायला नावापुढे 'लोणेरे' जोडावंच लागतं. नोकरीच्या ऑनलाइन अर्जात विद्यापीठांची यादी उघडली की ही सगळी एकाखाली एक दिसतात. घाईत बोट जरा खाली सरकलं की माणगाव तालुक्यातला उमेदवार क्षणात लखनौचा होतो, आणि मुलाखतीत समोरचा साहेब आपुलकीने शुद्ध उर्दूत चौकशी करू लागतो.

लग्नाच्या पंगतीत एखादे काका असतातच. मठ्ठ्याचा घोट घेत ते विचारतात, "बाबासाहेब तर बॅरिस्टर, अर्थशास्त्रज्ञ. तंत्रशास्त्राच्या विद्यापीठाला त्यांचं नाव कसं काय?" काकांच्या मनात काय असतं ते सोडून देऊ. प्रश्नाचं उत्तर मात्र चांगलं भक्कम आहे, आणि ते बाटूच्या प्रत्येक पोराला पाठ असायला हवं. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मजूर खातं त्यांच्याकडे होतं आणि त्या खात्यातच पाटबंधारे आणि वीज हे विषय येत. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय प्रकल्पाची आखणी त्या काळातली. आज आपण ज्याला केंद्रीय जल आयोग म्हणतो, त्या संस्थेची मुहूर्तमेढ १९४५ मधली. आणि लोणेऱ्याहून महाड जवळच आहे. तिथल्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी काय झालं ते काकांनाही ठाऊक असतं. पाणी तळ्यातलं असो नाहीतर धरणातलं, ते शेवटी कुणाच्या ओंजळीत पडतं याची चौकशी या माणसाने दोन्हीकडे केली. काका हे सगळं शांतपणे ऐकून घेतात, जिलबीचा तुकडा मोडतात आणि विचारतात, "ते ठीक. प्लेसमेंट काय आहे?"

या विद्यापीठात पोहोचायचा खरा रस्ता महामार्गावरून जात नाही. तो सीईटीच्या कॅप राउंडमधून जातो. पावसाळ्याच्या त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या हजारो घरांत जेवणाच्या टेबलावर जेवण नसतं, गेल्या वर्षीचे कटऑफ असतात. वडिलांच्या हातात पिवळा हायलायटर असतो. ऑफिसात कधी न दाखवलेली शिस्त ते इथे दाखवतात. पसंतीक्रमात वरच्या ओळी पुण्या-मुंबईच्या, त्या स्वप्नासाठी. नंतरच्या ओळी जरा कमी पुण्याच्या, म्हणजे पिंपरी, आकुर्डी वगैरे. मग कुठेतरी बाविसाव्या ओळीच्या आसपास वडिलांचा हायलायटर थांबतो. "हे बघ. सरकारी आहे. फी कमी आहे. टाकून ठेव."

'टाकून ठेव' या दोन शब्दांवर लोणेऱ्यात इंजिनिअरांच्या पिढ्या घडल्या आहेत.

यादी लागते, नंबर लोणेऱ्याला लागतो आणि घरात सगळे एकदम मोबाइलवर नकाशा उघडतात. वडील बोटांनी नकाशा मोठा करत जातात. हिरवं दिसतं. आणखी मोठा करतात. आणखी हिरवं दिसतं. आई विचारते, "हॉस्टेल आहे ना?" वडील विचारतात, "बस थांबते ना?" आजी म्हणते, "तिकडं पाऊस फार असतो म्हणतात." तिघांत तंत्रशास्त्राच्या दृष्टीने विचार फक्त आजीने केलेला असतो.

कारण लोणेऱ्याला पाऊस पडत नाही, तो वस्तीला येतो. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकून घेतो. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावं लागलं, त्या लातूरचा मुलगा जेव्हा इथे प्रवेश घेतो तेव्हा पहिल्या दिवशी तो अक्षरशः नाचतो. व्हिडिओ कॉल लावून घरी पाऊस दाखवतो. तिकडून वडील म्हणतात, "थोडा इकडं पाठवून दे की." चौथ्या दिवशी त्याच्याकडे कोरडा मोजा उरत नाही. दहाव्या दिवशी कातडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. तिसऱ्या आठवड्यात तो घरी फोन करून फक्त एवढंच विचारतो, "तिकडे ऊन आहे का?" आणि उत्तर ऐकून काही वेळ बोलत नाही.

या पावसाने जेवढं तंत्रशास्त्र शिकवलं, तेवढं पुस्तकांनी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. पुस्तकं तरी काय शिकवणार, ती स्वतःच फुगून दुप्पट जाड झालेली असतात. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट गुंडाळीतून काढली की पुन्हा सरळ होत नाही आणि तिच्यावर काढलेली सरळ रेषा दमट हवेत आपोआप वक्र होते, सर म्हणतात, "पुन्हा काढ." दमटपणा हा सर्किटचा शत्रू आहे, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना व्याख्यानातून सांगावंच लागत नाही, प्रात्यक्षिकाच्या वेळी सर्किटच सांगतं. मेकॅनिकलवाले जीन्स पँट पंख्याखाली किती तासांत वाळेल याचं गणित मांडतात. पंख्याचा वेग, कापडाची जाडी, खोलीतली आर्द्रता, सगळं धरून उत्तर येतं साडेनऊ तास. साडेआठ तास झाले की लाइट जाते. पँट पुन्हा मूळ पदावर येते आणि गणितात एक नवा घटक वाढतो, ज्याला कुठल्याही पुस्तकात चिन्ह दिलेलं नाही.

हॉस्टेलच्या व्हरांड्यात या दिवसांत पाहुणे येतात. बेडूक येतात, गोगलगायी येतात, कधी फुरसं निघालं म्हणून आरडाओरडा होतो आणि मग सिव्हिलचा एखादा मालवणी मुलगा शांतपणे येऊन ते फुरसं नसून साधं दिवड आहे असं जाहीर करतो. खेकडा आला तर मात्र महाराष्ट्राची प्रादेशिक विविधता उघडी पडते. सांगलीचा मुलगा त्याचा फोटो काढतो, पुण्याचा मुलगा वॉर्डनकडे तक्रार करतो आणि रोह्याचा मुलगा टोप शोधायला जातो.

सुरुवातीची पंचवीस वर्षं हे एकाच आवाराचं विद्यापीठ होतं. याचा अर्थ काय, ते मोठ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला सांगून समजत नाही. मुंबई-पुण्याचा विद्यार्थी कॉलेजात शिकतो आणि नापास झाला की विद्यापीठाला नावं ठेवतो. पेपर विद्यापीठाने काढलेला असतो, तपासलेला विद्यापीठाने असतो, आणि विद्यापीठ म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला बसलेली एक निराकार शक्ती असते. सर आणि विद्यार्थी, दोघांनाही तिच्यावर ढकलून मोकळं होता येतं. लोणेऱ्यात ही सोय नव्हती. ज्यांनी शिकवलं त्यांनीच पेपर काढला, त्यांनीच तपासला आणि संध्याकाळी तेच फाट्यावर भाजी घेताना भेटले.

"सर, चार मार्कांनी राहिलो."

"पाचव्या प्रश्नात उत्तर बरोबर होतं. एकक लिहिलं नव्हतंस."

यावर मेथीची जुडी पुढे करत भाजीवाली म्हणते, "लिवायचं होतं रं बाबा."

इतक्या लहान जागी बंक मारणंसुद्धा सोपं नसतं. पुण्यात तास बुडवला की सिनेमा आहे, कॅफे आहे, एफसी रोड आहे, काहीच नाही तर टेकडी आहे. लोणेऱ्यात तास बुडवून जायचं कुठे? फाट्यावर. आणि तिथे टपरीच्या बाकड्यावर ज्यांचा तास बुडवला तेच सर कटिंग घेत असतात, कारण तासाला कुणी आलं नाही म्हणून तेही मोकळेच असतात. असं दोन-तीनदा झालं की दोन्ही पक्ष नाइलाजाने वर्गात जाऊ लागतात. प्रेमप्रकरणांचीही तीच गत. ग्रंथालयापासून कॅन्टीनपर्यंत दोघं छत्रीतून एकत्र गेली, की ती पोहोचण्याआधी बातमी कॅन्टीनला पोहोचलेली असते. मोठ्या विद्यापीठात कुलगुरू म्हणजे निमंत्रणपत्रिकेवरचं नाव. इथे ते सकाळी फिरायला निघालेले समोरून येतात आणि रात्रभर जागून असाइनमेंट उतरवलेल्या मुलाला वाटतं, हे आपल्यालाच शोधत आले.

माझं मत विचाराल तर हा सगळा त्रास म्हणजेच विद्यापीठ. पण माझं मत कुणी विचारत नाही.

इथे पेट्रोकेमिकलही शिकवतात. स्थान पाहिलं तर हे अगदी रास्त आहे: थळचा खतकारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याच्या आणि महाडच्या रासायनिक वसाहती, सगळं याच जिल्ह्यात. अडचण नातेवाइकांना समजावण्याची आहे. "पेट्रोकेमिकल? म्हणजे पुढे पेट्रोल पंप टाकणार का?" पोरगा सांगतो, की नाही आत्या, बॉम्बे हायचा वायू समुद्रातून उरणला येतो, त्यातला काही भाग नागोठण्याला नेतात, तिथे भट्टीत त्याचे रेणू तोडतात, मग एथिलीन मिळतं, त्याची साखळी जोडली की प्लास्टिकचे दाणे होतात आणि त्या दाण्यांपासून तुमची ही बादली. आत्या बादलीकडे बघते, भाच्याकडे बघते आणि शेजारणीला सांगते, "बादल्यांच्या कारखान्यात लागणार आहे."

पण लोणेऱ्याची सगळ्यांत मोठी प्रयोगशाळा आवारात नाही, ती बाहेरून जाते. तिचं जुनं नाव राष्ट्रीय महामार्ग १७, नवं नाव ६६. चौपदरीकरणाचा पहिला टप्पा पनवेल ते इंदापूर, ८४ किलोमीटर. काम २०११ साली सुरू झालं आणि २०१४ साली संपायचं होतं. आता हिशेब मांडू. २०११ साली सिव्हिलला प्रवेश घेतलेला मुलगा सुट्टीत घरी जाता-येता हे काम पाहत २०१५ साली इंजिनिअर होऊन गेला. काम चालू होतं. २०१५ साली आलेला २०१९ ला गेला. काम चालू होतं. २०१९ साली आलेल्याचं निम्मं शिक्षण कोविडमुळे घरी बसून झालं, तरी तो २०२३ ला पदवी घेऊन निघाला, आणि निघताना त्याची एसटी माणगावात अडकली. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला एखाद्या विद्यार्थ्याने इतका वेळ लावला असता तर त्याचं नाव कधीच पटावरून उतरलं असतं. महामार्गाला दरवर्षी एटीकेटी मिळत गेली.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही चंगळच. रस्त्याखालचं पाणी नीट काढून दिलं नाही तर काय होतं, हे पुस्तकात आकृती काढून सांगतात. इथे खिडकीचा पडदा सारला की झालं. खड्ड्यात खडी टाकली तर तो किती दिवस टिकतो, पेव्हर ब्लॉक बसवले तर किती दिवस, आणि मंत्र्यांचा पाहणी दौरा ठरला तर किती दिवस, याची तुलनात्मक निरीक्षणं पिढ्यान्‌पिढ्या करता येतात. वाहतूक अभियांत्रिकीत मुलांना रस्त्याच्या कडेला उभं करून वाहनं मोजायला लावतात. एरवी हे कटकटीचं काम. गणपतीच्या आठवड्यात माणगावला उभं राहिलं तर मात्र फार सोपं, कारण वाहनं हलतच नाहीत. सकाळी एकदा मोजली की संध्याकाळपर्यंत आकडा तोच.

याच रस्त्यावर, महाडजवळ, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल पुरात वाहून गेला. दोन एसट्या माणसांसकट गेल्या. यावर विनोद होत नाही. एवढंच नोंदवून ठेवतो, की त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे तंत्र आपल्याकडे नाही असं नाही. ते कधी कामाला लावायचं, याचा विषय मात्र कुठल्याच सत्रात नाही.

असो. तर असं हे आपल्यापुरतं, आटोपशीर, ओल्या मोज्यांचं विद्यापीठ सुखात नांदत असताना २०१४ साली नवा कायदा आला आणि त्याला संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला. कार्यक्षेत्र अख्खा महाराष्ट्र. वन रूम किचनमध्ये नवरा-बायको गोडीने राहत असावीत आणि एके सकाळी दार उघडावं तर समोर पंधरा बसगाड्या भरून वऱ्हाड, तसं ते झालं. पुढच्या काही वर्षांत राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याला जोडली गेली. गंमत पुढे आहे. एकाच आवाराचं तंत्रविद्यापीठ ही कल्पना सरकारला नंतर इतकी पटली, की २०२२ साली पुण्याच्या सीओईपीला, म्हणजे १८५४ पासून चालत आलेल्या कॉलेजला, नेमकं तसलंच विद्यापीठ करण्यात आलं. लोणेऱ्याच्या जुन्या लोकांनी ही बातमी वाचून काय म्हटलं असेल ते छापण्याजोगं नसावं.

तेव्हापासून महाराष्ट्रात एक नवी जमात तयार झाली आहे: लोणेऱ्याची पदवी असलेले पण लोणेरे न पाहिलेले इंजिनिअर. त्यांच्यासाठी लोणेरे हे गावच नाही, ती वेबसाइट आहे. निकालाच्या दिवशी ती उघडत नाही, पण त्याबद्दल तिला वेगळं बोल लावण्यात अर्थ नाही. निकालाच्या दिवशी कुठल्याच विद्यापीठाची वेबसाइट उघडत नाही, हा उष्मागतिकीचा एक नियमच आहे. हे इंजिनिअर मनातल्या मनात लोणेऱ्याचं काहीतरी चित्र रंगवतात. बुलढाण्याच्या मुलाला ते लोणार सरोवराच्या काठी असावंसं वाटतं. नगरचा मुलगा ते लोणी समजतो. मुंबईची मुलगी मैत्रिणींना 'लोणावळ्याच्या साइडला' असं सांगून मोकळी होते, आणि चिक्की आणायची फर्माइश ओढवून घेते.

आणि मग एक दिवस त्यातल्या कुणालातरी जर्मनीला जायचं ठरतं. तिकडचं विद्यापीठ ट्रान्सक्रिप्ट मागतं. ऑनलाइन अर्ज होतो, पैसे भरले जातात, पण 'प्रत्यक्ष गेलास तर काम होईल' असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतोच. यवतमाळचा असाच एक मुलगा निघाला, ती गोष्ट फाट्यावर अजून सांगतात. आधी त्याने अभ्यास केला. विद्यापीठ माणगाव तालुक्यात. पण शोधलं तर ज्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एकत्र आले ते माणगाव निघालं कोल्हापूर जिल्ह्यात. तालुक्यातलं दुसरं ठिकाण इंदापूर. ते पुणे जिल्ह्यात सापडलं. हा तालुकाच असा आहे, गावांची नावं घ्यायची तर ती आधीच दुसऱ्या कुणीतरी नावारूपाला आणलेली. शेवटी त्याला कोकण रेल्वेचं स्टेशन सापडलं, गोरेगाव रोड. हे सोपं वाटलं. तो मुंबईला उतरला, लोकल पकडली आणि गोरेगावला बाहेर येऊन रिक्षावाल्याला म्हणाला, "आंबेडकर युनिव्हर्सिटी." रिक्षावाल्याने त्याची बॅग, भांबावलेला चेहरा आणि हातातली फाइल पाहिली आणि त्याला सरळ फिल्मसिटीच्या दाराशी नेऊन सोडलं. "ऑडिशन इधरही होता है."

दुसऱ्या दिवशी एसटीने तो एकदाचा पोहोचला. कंडक्टर ओरडला, हा उतरला, बस गेली. पाऊस उभा-आडवा पडत होता. टपरीवाल्याने एकदा वर पाहिलं आणि न विचारताच सांगायला सुरुवात केली. "ट्रान्सक्रिप्ट ना? सगळ्या मार्कलिस्टच्या झेरॉक्स दोन-दोन काढा, प्रत्येकीवर स्वतःची सही करा. आधार कार्डाचीही एक. आता गेलात तर जेवणाची सुट्टी गाठाल, म्हणून आधी भजी खा. छत्री नाही? इकडे येताना छत्री आणायची असते, दादा." वेबसाइटवर जे तीन तास शोधूनही मिळालं नव्हतं, ते भजीच्या एका प्लेटीत मिळालं. एवढ्यात यवतमाळहून वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. मुलाने अभिमानाने कॅमेरा फिरवला. पाऊस, डोंगर, केळी विकणारी बाई, पुन्हा पाऊस.

"अरे, झाडंच दिसून राहिली," वडील म्हणाले. "तुझं विद्यापीठ कुठं आहे?"

"आत आहे, बाबा. मिनीडोरमध्ये बसलोय. अजून दोन माणसं आली की सुटंल."